कच्च्या टाक्यावरची बाही

आमच्या सासूबाईंच्या तोंडी काही शब्द येतच नाहीत. त्यांची बांगडी फुटत नाही, 'वाढते'. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. आणि घरातून बाहेर पडताना, मग ते कोपऱ्यावरून सुया आणायला का असेना, 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी चपला घालता घालता 'जाते हं, आई' असं बोलून गेले. त्यांनी मला परत आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, घोटभर पाणी दिलं आणि मग सोडलं. माझी बस चुकली ती चुकलीच. त्या दिवसापासून मी मुद्दाम 'बाय' म्हणते. सांगितलेलं मुकाट्याने ऐकणं माझ्या रक्तातच नाही.

सासरे वारले तेव्हा सासूबाईंना नुकतीच तिशी लागली होती आणि माझा नवरा तिसरीत होता. त्यांनी बाहेरच्या खोलीत दोन मशिनी टाकल्या आणि शिवणाचा क्लास काढला. दोनाच्या सहा मशिनी झाल्या. गल्लीतल्या आया आणि नंतर त्यांच्या मुली त्यांच्याच हाताखाली शिकल्या. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, मागोमाग मीही गेले, तरी क्लास चालूच होता. मग एकदा फोनवर त्या म्हणाल्या, 'क्लास वाढवला रे.'

नवरा खूश. 'अरे वा. आणखी किती मशिनी घेतल्यास?'

मग त्या म्हणाल्या, 'सहा होत्या. सहाही देऊन टाकल्या.'

वाढवला म्हणजे बंद केला. दुकान वाढवणं म्हणजे काय हे शेंबड्या पोराला कळतं, पण त्यांच्या पोटच्या मुलाला पाच वर्षं बाहेर राहून ते कळेनासं झालं. मी शेजारीच बसले होते. मलाही आधी तेच वाटलं होतं, पण मी बोलले नाही, म्हणून वाचले. नवऱ्याला फार लागलं. त्याने सहा महिन्यांची परवानगी काढून आईला आमच्याकडे बोलावून घेतलं.

बोलावून घेतलं खरं, पण घरात होतं कोण? नवरा महिन्यातले तीन आठवडे कामासाठी दौऱ्यावर. मी सकाळी साडेसातला बाहेर पडायची ती सहाला परत. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सासूबाई एकट्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळे पडदे उसवून नव्याने शिवले. दुसऱ्या आठवड्यात मला न विचारता माझ्या सगळ्या पँटींना खालून नवी हातशिलाई घातली, कारण दुकानातली म्हणे डोळे मिटून केलेली होती. मी दारात पाऊल टाकलं की त्यांचं बोलणं सुरू. मी दमलेली, त्यातून तोंडाने फटकळ. एकदा म्हणून गेले, 'आई, जरा डोकं खाऊ नका.'

त्या उठून आत गेल्या. दोन दिवसांनी जेवताना एवढंच म्हणाल्या, 'समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे आहेत. रोज दहा वाजता पडदा उघडतात. आज उघडलाच नाही.' आणि घास हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला कीव आली असं म्हणायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर मला धडकी भरली.

माझ्या ऑफिसपासून दोन थांबे अलीकडे मुलींसाठी एक घर होतं. एक धर्मादाय संस्था ते चालवायची. ज्यांना घर नाही, किंवा आहे पण तिथे राहण्यात अर्थ नाही, अशा बारा ते अठरा वर्षांच्या मुली तिथे राहायच्या. बसथांब्यावर त्यांची पाटी लावलेली होती: शिवण शिकवायला स्वयंसेवक हवेत. मी फोन करून सासूबाईंचं नाव देऊन टाकलं. यात मुलींचं भलं वगैरे काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला संध्याकाळी घरात शांतता हवी होती.

त्या घराला निळं लोखंडी फाटक होतं, फाटकाच्या आत दोन पायऱ्या, मग एक बोळकांडी आणि शेवटी लांबट खोली. खोलीत आठ मशिनी होत्या, त्यातल्या दोन चालत होत्या. सासूबाईंनी तेलाची कुपी आणि स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि दोन दिवसांत आणखी पाच चालू केल्या. आठव्या मशीनला म्हणाल्या, 'हिचा काळ झाला.' भाषा त्यांना येत नव्हती. त्या सरळ मराठीतच शिकवायच्या. 'दोरा दाताने तोडू नकोस गं. पाठ सरळ ठेव. ही टीप आहे का सापाची चाल?' मुली त्यांच्या हातांकडे बघून समजून घ्यायच्या. तिथल्या व्यवस्थापक त्यांच्याहून चांगल्या वीस वर्षांनी लहान, तरी सासूबाई त्यांना 'थोरल्या बाई' म्हणायच्या. मुलींची नावं जिभेवर बसेनात, मग त्यांनी आपली ठेवली. उंचाडी, हसरी, चुळबुळी. आणि घुमी.

घुमी सतरा वर्षांची होती. भिंतीला पाठ लावून बसायची आणि कोणाशी बोलायची नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या आईने तिला त्या निळ्या फाटकाशी आणून सोडलं होतं. 'संध्याकाळपर्यंत येते' म्हणाली, ती पुन्हा दिसली नाही. हे मला थोरल्या बाईंनी फार नंतर सांगितलं. आधी कळलं असतं तर कदाचित मी जीभ आवरली असती.

झालं असं. सासूबाई रोज तीनला जायच्या आणि साडेपाचला निघायच्या. निघताना फाटकाशी वळून म्हणायच्या, 'येते गं.' दुसऱ्या आठवड्यात थोरल्या बाईंचा मला फोन आला. म्हणाल्या, 'तुमच्या सासूबाई रोज जाताना एक शब्द बोलतात. मुली विचारतात, त्याचा अर्थ काय?'

मी औषधांच्या कंपनीत आहे. बाटलीवरचं लेबल बरोबर आहे की नाही ते तपासायचं, हे माझं काम. एका शब्दाने कोणाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक लेबल मी तीनदा वाचते. त्या क्षणी माझ्यासमोर एक लेबल अर्धवट पडलं होतं. मी म्हटलं, 'म्हणजे, मी परत येणार आहे.' आणि फोन ठेवला. 'परत' हा शब्द मी पदरचा घातला. 'येणार आहे' हेही पदरचंच. आपल्यात जी जाते ती 'येते' म्हणते, त्याचा येण्याशी संबंध असतोच असं नाही, हे सांगायला आणखी अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी दिलं नाही.

मुलींनी तो अर्थ धरून ठेवला. आणि गंमत अशी की तो रोज खरा ठरत गेला. आज 'येते' म्हणून गेलेली बाई उद्या तीनला फाटकाशी हजर. तिसऱ्या आठवड्यापासून घुमी तीन वाजता आतल्या पायरीवर येऊन बसायला लागली.

मग आमच्या घरात संध्याकाळी घुमी आणि घुमीच. 'आज ती बोलली,' एकदा सासूबाईंनी दारातच सांगितलं.

'काय बोलली?'

'उसव.'

त्यांच्या क्लासात हाच शब्द सगळ्यात जास्त कानावर पडायचा. टीप वाकडी आली, उसव. कॉलर बसली नाही, उसव. 'शिवायला काय, कोणीही शिकतं,' त्या म्हणायच्या. 'न रडता उसवता आलं पाहिजे.' दुसरा नियम कच्च्या टाक्याचा. आधी लांब लांब कच्चा टाका घालायचा, अंगावर चढवून बघायचं, आणि मगच मशीनवर टीप. घाईने थेट टीप मारणारीला त्या मशीनवरून उठवायच्या. घुमीला कधी उठवावं लागलं नाही. मी हे सगळं ऐकायची, हं हं करायची, आणि फोनमध्ये डोकं घालून बसायची.

घुमीचं अठरावं सरत आलं होतं. ते पूर्ण झालं की ते घर सोडावं लागतं, असा तिथला नियम. त्याआधी शिवणाची एक परीक्षा होती. अस्तर लावलेला एक कोट स्वतः शिवून परीक्षकांपुढे ठेवायचा. पास झाली तर गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काम आणि राहायला खोली. परीक्षा दिलीच नाही, तर दुसऱ्या गावातल्या मोठ्या निवाऱ्यात, जिथे चाळीस बायका एका दालनात झोपतात. घुमीने राखाडी कापडाचा कोट घेतला होता. सासूबाईंचे सहा महिने संपले त्या दिवशी त्याची डावी बाही पक्की झाली होती आणि उजवी कच्च्या टाक्यावर होती.

'राहू दे,' सासूबाई तिला खुणेने आणि मराठीत म्हणाल्या. 'मुंढ्यापाशी कापड दाटतंय. मी आले की टीप मारू.'

त्या खोटं बोलत नव्हत्या. नवऱ्याने सांगितलं होतं की महिनाभरात नवी परवानगी निघेल. मी त्यांना न्यायला गेले होते, बॅगा गाडीत होत्या. त्या फाटकाशी वळल्या, म्हणाल्या, 'येते गं.' घुमीने फाटक धरून ठेवलं होतं. आमची गाडी वळेपर्यंत तिने ते लावलं नाही, हे मी मागच्या काचेतून बघितलं.

परवानगी नाकारली. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाकारली. सदर महिलेने पुन्हा येण्याचं पुरेसं कारण दिसत नाही, असं पत्रात होतं.

मला हवी होती ती शांतता मिळाली. सहाला दार उघडायचं, दिवा लावायचा, जेवण गरम करायचं, भांडं घासायचं. एकच भांडं. नवरा दौऱ्यावर. दारात कोणी बोलायला सुरुवात करत नाही म्हटल्यावर मी चपला काढायच्या आधी उगीच थांबायची. एका रविवारी मी खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचा पडदा उघडतो का बघत राहिले. दहा वाजून पाच मिनिटांनी उघडला. मला इतकं बरं वाटलं की मी फोन उचलला, आणि मग कळेना, हे सांगायचं कोणाला. सासूबाईंना सांगता आलं असतं. पण डोकं खाऊ नका म्हणणारी मीच, आता कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या आठवड्यात थोरल्या बाईंचा फोन आला. परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि घुमी कोटाला हात लावत नव्हती. दुसऱ्या कोणाला लावू देत नव्हती. रोज तीनला पायरीवर येऊन बसायची आणि साडेपाचला उठायची. 'ती म्हणते, बाई येणार आहेत,' थोरल्या बाई म्हणाल्या. 'अर्थ तुम्हीच सांगितला होतात.'

मी गेले. घुमी पायरीवर होती. मी शेजारी बसले आणि तिच्या भाषेत, जमेल तशी, सांगायला लागले. 'त्या शब्दाचा अर्थ मी तुम्हाला चुकीचा सांगितला. आमच्याकडे जाणारं माणूस तसं म्हणतं. म्हणायची पद्धत आहे. येणार असो वा नसो.'

'आमच्याकडेही म्हणतात,' ती म्हणाली. 'माझी आई म्हणाली होती.'

मी फाटकाकडे बघितलं.

'पण बाई रोज आल्या,' ती म्हणाली.

मी म्हटलं, बाही मी लावून देते. मला साधं बटण लावता येत नाही, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण तिने तिकडे लक्षही दिलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. तिने वाकून माझ्या पँटचा काठ दोन बोटांत धरला, उलटून बघितला आणि म्हणाली, 'हा त्यांचा टाका आहे.' मग सोडला नाही. मी तशीच बसून राहिले.

घरी येऊन सासूबाईंना फोन लावला. 'आई, तुमच्या एका शब्दाने घोळ करून ठेवलाय,' मी सुरुवातच भांडणाने केली. मग मीच दुरुस्ती केली. 'माझ्या शब्दाने,' म्हटलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, 'बाही अजून कच्च्या टाक्यावरच आहे?'

'हो.'

'इतके दिवस कच्चा टाका ठेवू नये. दोऱ्याचे वण पडतात.' मग म्हणाल्या, 'उद्या तीनला तिच्यासमोर फोन लाव.'

'काय बोलणार तुम्ही? त्यांची भाषा तुम्हाला येते कुठे?'

'मी मराठीतच बोलेन. अर्थ तू सांग. आणि या वेळी नीट सांग.'

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. तीनला पायरीवर बसून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. घुमी शेजारी. सासूबाईंचा आवाज आल्याबरोबर तिने फाटकाकडे बघितलं.

'घुमे,' सासूबाई म्हणाल्या, 'कोट आण.'

हे तिला कळलं. तिने आतून कोट आणून मांडीवर घेतला. उजव्या बाहीवरचे पांढरे लांब टाके अजून तसेच होते.

'आणला?' सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. पलीकडे त्यांनी घसा साफ केला. मग त्या म्हणाल्या, 'जाते गं.'

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. सासरे गेले तेव्हाही त्या 'देवाघरी आले' असं बोलून बसल्या होत्या आणि लोक बघत राहिले होते, असं नवरा सांगतो.

घुमीला 'येते' ओळखीचं होतं. हा शब्द नवा होता. तिने माझ्याकडे बघितलं. 'म्हणजे काय?'

मी तो शब्द तीनदा मनात वाचला. 'म्हणजे, मी जाते.'

'परत?'

'परत नाही.'

ती फोनकडे बघत राहिली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, निदान कोट फेकेल. ती उठली आणि बोळकांडीतून आत गेली. मी फोन हातात धरून मागोमाग. तिने मशीनवर बसून बाही सुईखाली सरकवली, चाकावर हात ठेवला आणि सुरुवात केली. मशीनचा आवाज पलीकडे ऐकू जात होता. 'हळू,' फोनमधून सासूबाई म्हणत होत्या. 'मुंढ्यापाशी हळू. सुई खाली ठेवून कापड फिरव.' मी भाषांतर केलं नाही. लागलं नाही. टीप पुरी झाली, तिने कच्च्या टाक्याचं टोक शोधलं आणि पांढरा दोरा एका दमात ओढून काढला. तो तिने बोटाला गुंडाळला आणि खिशात ठेवला.

'झालं?' सासूबाईंनी विचारलं.

'झालं,' मी म्हटलं. फोन कट झाला.

ती पास झाली, हे इथेच सांगून टाकते. उजव्या बाहीला परीक्षकांनी नावं ठेवली नाहीत. आता ती त्या कारखान्यात बाह्या बसवण्याच्या टेबलावर आहे आणि मला रस्त्यात दिसली की मान हलवते. त्याहून जास्त ओळख ती दाखवत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

पण त्या दिवसाचं राहिलं. मी बसमध्ये बसले. तो शब्द कानातून निघेना. मी, जिने पंधरा वर्षं त्या शब्दाची टिंगल केली, जी मुद्दाम 'बाय' म्हणून दार आपटत आले, ती मी मधल्याच थांब्यावर उतरले आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचलेनात. पुन्हा लावला.

'काय गं, काय राहिलं?' त्यांचा आवाज.

'काही नाही.' मी म्हटलं. 'आई, येते म्हणा.'

'कोणाला?'

'मला. मघाशी ते बोललात ना. आता येते म्हणा.'

'तुला कधीपासून लागायला लागलं हे?'

'म्हणा ना.'

'बरं बाई. येते,' त्या म्हणाल्या. आणि लगेच, 'पण मी काही येत नाही आता. मला ते परवानगी देणार नाहीत. या घरात दिवसभर माणसाचा आवाज नाही गं. तूच ये.'

'येते,' मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचल्याबरोबर, लेबलं हातात घ्यायच्या आधी, रजेचा अर्ज टाकला.